नव्व्याण्णव आणि शंभर

१

सोमवार, नऊ फेब्रुवारी. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मंगळ्याला साकवाखाली माणूस दिसला.

साकव म्हणजे कर्जतच्या पूर्वेला, डोंगराकडे जाणाऱ्या पायवाटेवरचा अरुंद पूल. खाली ओढा, फेब्रुवारीत त्याला पाणी नाही, नुसते धोंडे. मंगळ्या शेरडं घेऊन वाडीवरून उतरत होता. एक शेरडू खाली गेलं ते वर येईना, म्हणून तो वाकून बघायला गेला.

"आदी वाटला पिऊन झोपलाय," त्यानं फौजदारांना सांगितलं. "मंग त्याच्या तोंडावरच्या माशा बघितल्या. म्या हात नाय लावला सायेब. शेरडानंपन नाय लावला."

माणसाचं नाव नरेश. वय एक्कावन्न, राहणार कर्जत. अंगात ट्रॅक पँट, पायात निळे बूट, खिशात फोन. डाव्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, चार्जिंग संपून बंद पडलेलं. डोक्याला मागून मार. साकवाचा कठडा एका बाजूनं पावसाळ्यातच वाहून गेला होता.

ही बातमी पौर्णिमाला आठ चाळीसला कळली. ती रसायनीच्या एका कारखान्यात तपासणी प्रयोगशाळेत होती. लोधिवलीहून रोज तिथं येऊन ती बारा वर्षं मालाचे नमुने तपासत होती. हातातल्या नमुन्याचं रीडिंग तिनं आधी वहीत लिहिलं आणि मग मेसेज पुन्हा वाचला.

नरेशला ती आयुष्यात दोनदाच भेटली होती. पण गेले शंभर दिवस तो सकाळी कधी उठतो, किती चालतो, चहात साखर घालतो की नाही, हे तिला त्याच्या सख्ख्या भावापेक्षा जास्त ठाऊक होतं. 'चालते व्हा' हा ग्रूप तिचा. फेसबुकवर वजन कमी करणाऱ्यांच्या एका पानावर ही मंडळी एकमेकांना सापडली आणि तिनं त्यांना एकत्र केलं. एक नोव्हेंबरपासून शंभर दिवस, रोज दहा हजार पावलं, आणि सकाळी घड्याळाच्या तबकडीचा फोटो.

नियमही तिचाच. माणसं दोन-दोनाच्या जोडीनं चालायची. जोडीतला एक थांबला, की दोघंही शून्यावर.

तिनं ग्रूप उघडला. नरेशचा शेवटचा फोटो रविवारी सकाळी नऊ पाचचा होता. दिवस शंभरावा, पावलं दहा हजार दोनशे बारा. खाली बारा जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यात तिच्याही होत्या.

दुपारी फौजदारांचा फोन आला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, माणूस मरून दीड ते दोन दिवस झालेत.

"पण घड्याळ म्हणतंय काल सकाळी दहा हजार चालला," फौजदार म्हणाले. "आता मॅडम, डॉक्टर खरा की घड्याळ खरं?"

२

अंत्यसंस्कार मंगळवारी झाले. पौर्णिमा गेली, पांढरी साडी नेसून मागे उभी राहिली, परत आली. त्या दिवशी तिची पावलं दहा हजार चारशे भरली. तिला रडू आलं नाही. का आलं नाही याचा विचार करायचं तिनं पुढे ढकललं.

बुधवारी नरेशची बायको लोधिवलीला आली. उज्वला. पंचेचाळिशीची, बारीक, आवाज कोरडा.

"जय भीम ताई. तुम्हीच ग्रूपच्या मालकीण ना?"

"ये, बस. मालकीण कसली गं."

उज्वला बसली, पण टेकून नाही. "आमचं शुक्रवारी वाजलं होतं. मी माहेरी गेले खोपोलीला. शनिवारी सकाळी साडेआठला फोन केला, उचलला नाही. बाराला केला, नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं शेजारच्यांना सांगावं, जाऊन बघा. तेवढ्यात तुमच्या ग्रूपमध्ये बघितलं. नऊ वाजता यांनी फोटो टाकलेला. दिवस नव्व्याण्णवावा."

तिनं पदराचं टोक मांडीवर ओढलं.

"म्हटलं, चालतायत. म्हणजे रुसलेत. मग मीही नाही केला फोन. रविवारी परत फोटो आला. मी आईला म्हटलं, बघ, शंभर झाले, आता येतील न्यायला."

पौर्णिमानं पाण्याचा पेला पुढे केला. उज्वलानं तो घेतला नाही.

"डॉक्टर म्हणतात दोन दिवस. घड्याळ म्हणतं एक. लोक म्हणतात बाई माहेरी बसली नि नवरा ओढ्यात पडला. लोकांचं सोडा. मला एवढंच सांगा ताई, मी शनिवारी शेजाऱ्यांना पाठवलं असतं, तर हे सापडले असते का? जिवंत?"

"हे मी कसं सांगणार?"

"तुम्ही सगळ्यांची पावलं मोजता ना?" उज्वला म्हणाली. "मग मोजा."

ती गेल्यावर पौर्णिमानं शनिवारचा फोटो मोठा करून पाहिला. घड्याळाची तबकडी, आकडा, बस्स. आधीच्या अठ्ठ्याण्णव फोटोंखाली नरेशनं काही ना काही लिहिलेलं होतं. 'आज कुत्रं मागे लागलं, म्हणून बोनस.' 'शंभर झाल्याशिवाय मी मरत नाही, यमाला कळवा.' शनिवारी आणि रविवारी एक अक्षरही नव्हतं.

फोटो टाकणारा नरेश नव्हता.

३

नरेशचं घड्याळ घालून चालायचं कुणाला सुचेल? ग्रूपमधल्याच माणसाला. आणि ग्रूपमधली तिघंच नरेशच्या आसपास राहणारी होती.

पहिला जितेश. कर्जतला व्यायामशाळेत शिकवतो. त्याची जोडी एकसष्टाव्या दिवशी जोडीदाराचा पाय मुरगळल्यानं मोडली होती, तेव्हापासून नरेशच्या आकड्यांवर त्याचा डोळा असे.

"माझ्यावर संशय घेताय?" तो फोनवर हसला, मग हसणं आवरलं. "ताई, मी एकसष्टवरून शून्यावर आलो ना, तेव्हा घड्याळ काढून फडताळात टाकलं. स्वतःचे मोजत नाही, दुसऱ्याचे कशाला मोजू? आणि शनिवार-रविवार मी पुण्याला होतो, स्पर्धेत परीक्षक. दोनशे माणसांनी माझं तोंड बघितलंय. फोटोपण हायत, पाठवू? पोट आत घेतलेले?"

फोटो त्यानं पाठवले. ते खरे होते.

दुसरी ललिता. ती साकवापलीकडच्या वाडीत राहते, आशाताई म्हणून घरोघर फिरते. तिला भेटायला पौर्णिमा गुरुवारी स्वतः गेली. ललिता अंगणात वाल सोलत होती.

"ताई, मी शनवारी सात वाजता त्याच साकवावरून गेले," ललितानं आपण होऊन सांगितलं. "बाळंतिणीला बघायचं होतं. खाली कोन बघतंय? तोल सांभाळायचा की खाली बघायचं?"

"काही ऐकू आलं?"

"नाय. कुत्री भुंकत होती, ती रोज भुंकतात. मंग नऊला गुरूप बघितला, दादांचा फोटो. मनात म्हटलं, दादा आज आपल्या आधी येऊन गेले." तिचे हात थांबले. "तेवा ते खालीच होते का वो?"

पौर्णिमा सोललेले वाल बघत राहिली.

"साडेसहाच्या टायमाला एक मोटारसायकल वाजली होती," ललिता म्हणाली. "खालच्या रस्त्याला उभी राहिली, पाऊन तासाच्या आत परत गेली. आमच्याकडं इतक्या सकाळची मोटारसायकल म्हंजे दूधवाला नायतर पोलीस. दूधवाला आठला येतो."

तिसरा कपिल. एकोणतीस वर्षांचा, नेरळला राहणारा, एका गोदामात नोंदी ठेवणारा. नरेशचा जोडीदार.

"शनिवारी मी नेरळातच होतो ताई," तो म्हणाला. "आम्ही ठरवलं होतं, नव्व्याण्णवावा दिवस एकत्र चालायचा, साकवापाशी भेटायचं. पण मला उठायला उशीर झाला. नाही गेलो. गेलो असतो तर..."

ॲडमिन म्हणून पौर्णिमाला सगळ्यांच्या चालण्याचे आलेख दिसत. कोण किती वाजता चालला, कुठल्या मिनिटाला थांबला. जागा दिसत नाही, वेळ दिसते. गुरुवारी संध्याकाळी तिनं नरेशचा शनिवारचा आलेख काढला.

पाच एकतीसला सुरुवात. पाच बावन्नपर्यंत सलग दोन हजार पावलं. मग काहीच नाही. पाऊण तासाहून जास्त काळ एक पाऊल नाही. मग सहा पंचेचाळीसला थोडी पावलं. सात वीसपासून पुन्हा नीट चालणं, नऊपर्यंत. त्यात सात त्रेचाळीस ते सात सत्तेचाळीस पूर्ण स्तब्धता. चार मिनिटं.

रविवारी चालणं सहा पन्नासला सुरू. तिथंही मध्येच चार मिनिटं उभं राहणं.

नरेश चालताना कधी थांबत नसे. थांबलं की गुडघा आखडतो, असं तो म्हणे.

प्रयोगशाळेत पौर्णिमाचा एक नियम होता, नव्या मुलींना ती तो पहिल्याच दिवशी सांगे. दोन वेगळ्या नमुन्यांची रीडिंगं थोडी तरी वेगळी यायलाच हवीत. तंतोतंत सारखी आली, तर ते दोन नमुने नाहीत. एकाच बाटलीतून दोनदा काढलंय.

तिनं कपिलचा शनिवारचा आलेख काढून शेजारी ठेवला.

सात वीस. सात त्रेचाळीस ते सात सत्तेचाळीस. नऊ.

मिनिटाला मिनिट जुळत होतं.

४

नेरळचं बुद्धविहार वस्तीच्या टोकाला आहे. रोज चालताना आपण तिथं वंदनेला थांबतो, असं कपिलनं ग्रूपवर कधीतरी लिहिलं होतं. शुक्रवारी सकाळी सातला पौर्णिमा तिथं जाऊन बाकावर बसली. सात एक्केचाळीसला कपिल आला. उंच, अंगावरचा शर्ट दोन मापं मोठा, कारण शर्ट जुना होता आणि माणूस नवा. त्यानं चपला काढल्या, हात जोडले. त्रिशरण, पंचशील. चार मिनिटं लागली. तिनं घड्याळ लावलं होतं.

तो वळला आणि त्याला ती दिसली.

"दोन्ही हातांत घड्याळं घालून उभा होतास इथं," पौर्णिमा म्हणाली. "शनिवारी आणि रविवारीही. दोन्ही घड्याळं एकाच मिनिटाला थांबली, एकाच मिनिटाला चालू झाली."

कपिलनं काही नाकारलं नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"मुसावादा वेरमणी म्हणून झालं होतं," तो म्हणाला. "खोटं बोलणार नाही. तोंडानं म्हणत होतो नि मनगटावर दादांचं घड्याळ."

"पहिल्यापासून सांग."

"साडेसहाला पोहोचलो. दादा वर नव्हते. खाली बघितलं तर पडलेले. उतरलो. डोक्याखाली रक्त होतं, वाळलेलं. हात गार होता ताई. हाक मारली, दोनदा."

"मग?"

"मग फोन काढला. एकशे बारा लावायला. आणि फोनवर दिसलं, दिवस नव्व्याण्णव, कपिल शून्य, नरेश दोन हजार." त्यानं दोन्ही हात मांड्यांवर पालथे ठेवले. "एकशे नऊ किलोचा होतो मी. आता अठ्ठ्याहत्तर. माझी आई ती जुनी पँट घडी करून ठेवते, पाहुणे आले की काढून दाखवते. एका पायात आख्खा मी मावतो. दहावीत दोनदा नापास, पोलीस भरतीत धावताना पडलो, लग्न मोडलं. आयुष्यात पुरं झालेलं एकच होणार होतं. दोन दिवस राहिले होते."

"जोडीतला एक थांबला की दोघं शून्यावर," पौर्णिमा म्हणाली.

"हो." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "दादा तर गेलेच होते. त्यांचेही शंभर झाले असते. मनात म्हटलं, आजची पावलं टाकतो आणि दुपारी सांगतो. घड्याळ घेतलं, फोन घेतला. पासवर्ड त्यांनीच मला दिलेला, कधी ते फोटो टाकायला विसरले तर मी टाकावा म्हणून. साडेआठला फोन वाजला. वहिनींचा."

विहाराबाहेर कुणीतरी झाडायला सुरुवात केली होती. खराट्याचा आवाज येत राहिला.

"उचलला नाही. काय सांगणार होतो? मग नऊला फोटो टाकला, मग बाराला परत वाजला, तेव्हा आवाजच बंद केला. दुपारी सांगू म्हटलं, दुपारी वाटलं संध्याकाळी सांगू. संध्याकाळी वाटलं, आता एकच दिवस राहिलाय. रविवारी फोटो टाकून झाल्यावर जाऊन सगळं परत जागेवर ठेवलं. बुटाची नाडी सुटली होती, ती बांधली."

"कपिल, तू त्यांची नाडी बघितलीस?"

तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला.

"घड्याळ काढताना हात लागलाच की."

"लागला. बघितलीस का?"

खराटा थांबला. कपिलनं आपल्या पंजाकडे पाहिलं. मग म्हणाला, "गार होता, ताई."

५

दुपारी कपिल पोलीस ठाण्यात गेला. पौर्णिमा त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली आणि वळून आली. संध्याकाळी फौजदारांचा फोन आला.

"पोरगं सगळं कबूल झालं. ढकललंबिकललं नाही, ते पटतंय. पण माणूस तेव्हा मेलेला असेल तर एक कलम, जिवंत असेल तर दुसरं. डॉक्टर तासाचा हिशेब द्यायला तयार नाही. म्हणतो थंडीत, दगडात, एवढं नेमकं नाही सांगता येत."

शनिवारी सकाळी उज्वला पुन्हा लोधिवलीला आली. पौर्णिमानं तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. उज्वलानं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "हे चालतायत असं मला दोन दिवस वाटत होतं, ते त्या पोराचे पाय होते."

"हो."

"आणि सापडले तेव्हा?"

"तो म्हणतो, गार होते."

उज्वलानं पिशवीतून चिठ्ठी काढली. तिच्यावर नरेशच्या हस्ताक्षरात घड्याळाच्या खात्याचा पासवर्ड होता. "घड्याळात नाडीपण असते ना? शुगर उतरल्यावर ते मला नाडी दाखवायचे. म्हणायचे, बघ, घोडा झालोय. ते पान तुम्हाला दिसत नाही, ते ज्याचं त्यालाच दिसतं. उघडा."

पौर्णिमानं उघडलं. दर दहा मिनिटांनी एक नोंद. शनिवार, सात फेब्रुवारी.

पाच अठ्ठेचाळीस, एकशे चार. पाच अठ्ठावन्न, ब्याण्णव. सहा आठ, एकाहत्तर. सहा अठरा, अठ्ठावन्न. सहा अठ्ठावीस, एक्कावन्न. सहा अडतीस, सत्तेचाळीस.

सहा एक्केचाळीसला घड्याळ मनगटावरून निघाल्याची खूण. सहा चव्वेचाळीसला पुन्हा मनगटावर. सहा अठ्ठेचाळीसची नोंद, एकशे अठरा. ती कपिलची.

उज्वलानं सत्तेचाळीसवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं.

पौर्णिमानं जितेशला फोन लावला. घड्याळांतलं त्याला कळत असे.

"ताई, त्या आकड्यावर कुणाला फाशी देऊ नका," जितेश म्हणाला. "ते हिरव्या उजेडानं वाचतं. खाली काय हाय ते त्याला कळत नाय. खाली काही नसलं तरी कधीकधी अंदाजानं आकडा ठोकतं. दुधी भोपळ्यावर बांधून बघा, दुधीलापण नाडी असते. आमच्याकडं पोरं गंमत करतात."

घरात दुधी होता. शुक्रवारच्या बाजारातला. पौर्णिमानं तो ओट्यावर ठेवला, आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या निमुळत्या टोकाला बांधलं. नरेशच्या आणि तिच्या घड्याळाची कंपनी एकच होती. तिनं वही घेतली, तारीख लिहिली, वेळ लिहिली.

पहिल्या वेळी तबकडीवर नुसत्या दोन रेघा आल्या. दुसऱ्या वेळी त्र्याऐंशी. तिसऱ्या वेळी पुन्हा रेघा. चौथ्या वेळी एकाहत्तर. पाचव्या वेळी एकशे दोन.

उज्वला भिंतीला टेकून बघत होती. "म्हणजे?"

"म्हणजे हे घड्याळ खोटं बोलू शकतं."

"यांच्या बाबतीत बोललं?"

पौर्णिमानं दोन्ही रकाने शेजारी धरले. दुधीचे आकडे कसेही उड्या मारत होते. नरेशचे पायरी पायरीनं खाली आले होते, एकही चुकला नव्हता. तिनं तेही सांगितलं.

"तुमच्या कारखान्यात असं आलं तर काय लिहिता?" उज्वलानं विचारलं.

"निष्कर्ष काढता येत नाही, असं. आणि नमुना परत मागवतो."

उज्वला हसल्यासारखी झाली, हसली नाही. तिनं दुधीवरचं घड्याळ सोडवलं, पदरानं पुसलं आणि पौर्णिमाच्या हातात दिलं. पौर्णिमानं ते बांधलं नाही, वहीवर ठेवलं.

ग्रूपच्या यादीत नरेश-कपिल ही जोडी अजून शंभरवर होती. ती काढायचा अधिकार ॲडमिनचा.

शनिवार, चौदा फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत नक्की माहीत होतं ते एवढंच. सहा अडतीसला नरेशच्या मनगटावर सत्तेचाळीस ठोके नोंदले गेले. सहा एक्केचाळीसला कपिलनं घड्याळ काढलं. मधल्या तीन मिनिटांची नोंद नाही.